झाडून काढलेला भात

"ताई, बघ. एक तरी दाणा खाली दिसतोय का?"

सचिनने मोबाईलचा कॅमेरा ग्लासहाऊसच्या जमिनीवरून सावकाश फिरवला. काँक्रीट लख्ख होतं. बाकांखाली, नळापाशी, गटाराच्या जाळीवर, कुठे म्हणून काही पडलेलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही ग्लासहाऊसच्या मॅनेजरने हे बघून त्याची पाठ थोपटली असती. मी मात्र स्क्रीनवर दाणेच शोधत होते.

"सचिन, खाली पडलं होतं ते गेलं कुठे?"

"व्हॅक्यूम केलं की! नेमाने करतोय. म्हटलं, तू बरी होऊन येशील तेव्हा सगळं टिपटॉप दिसलं पाहिजे."

"आणि लोंब्यांना बांधलेल्या पिशव्या? त्या दिसत नाहीत."

"काढल्या. सांगतो ना सगळं. आधी नीट बघ तर खरं."

तो खुशीत होता. इतका खुशीत, की मला ओरडायचंही सुचेना.

हा घोळ कळायला आधी माझं काम कळायला हवं. मी मेलबर्नमध्ये एका जीन बँकेत आहे. जीन बँक म्हणजे बियांची बँक. निरनिराळ्या पिकांचं आणि त्यांच्या रानटी भाऊबंदांचं बी आम्ही वाळवतो, पाकिटात सीलबंद करतो आणि फ्रीझरसारख्या गार खोलीत ठेवतो. लोकांना वाटतं, एकदा ठेवलं की काम संपलं. तसं नसतं. थंडीतसुद्धा बी हळूहळू म्हातारं होतं. ते मरायच्या आत बाहेर काढायचं, पेरायचं आणि नवीन बी धरून पाकीट पुन्हा भरायचं. याला आम्ही रीजनरेशन म्हणतो. शब्द भारदस्त आहे, पण निम्मं काम कुंड्यांत माती भरण्याचंच असतं.

त्या वर्षी कुंड्यांत होता ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचा रानभात. हो, इथे भात मुळातच उगवतो, कुणी आणून लावलेला नाही. डार्विनच्या बाजूच्या पाणथळ मैदानांत पावसाळ्यात तो कमरेएवढा वाढतो, आणि पाणी ओसरायला लागलं की त्याचे दाणे चिखलात गळून पडतात. कोकणात ऋषिपंचमीला ज्यांनी देवभात खाल्लाय त्यांना चटकन कल्पना येईल. नांगर नाही, पेरणी नाही, बैलाच्या कष्टाचं काही नाही, पाण्यात आपोआप उगवलेलं ते धान्य. चिपळूणला आमची आई त्या दिवशी तो लालसर भात शिजवायची आणि आम्ही भावंडं नाकं मुरडायचो. शेती नव्हती तेव्हा माणसं काय खात होती त्याची उजळणी आम्हाला दर वर्षी सक्तीने करावी लागत होती, हे मला फार पुढे, कॉलेजात गेल्यावर कळलं.

रानभात आणि आपला भात यांत बरेच फरक आहेत, पण मुख्य एकच. रानभाताचा दाणा पिकला की सुटतो. झाडाला आपलं बी जमिनीत पोचवायचं असतं, आपल्या डब्यात नव्हे. आपला भात मात्र विळा येईपर्यंत दाणा धरून ठेवतो. हा गुण झाडाच्या काडीच्याही कामाचा नाही, फक्त आपल्या कामाचा आहे. हजारो वर्षांपूर्वी माणसं रानातून दाणे गोळा करत होती. जे गळले ते चिखलात गेले, जे धरून राहिले ते टोपलीत आले. टोपलीतले पुढच्या वर्षी पेरले. पिढ्यान्पिढ्या हेच चाललं आणि शेवटी सगळं शेतच दाणा धरून ठेवायला शिकलं. चीनमध्ये भाताचं असं झालं, पश्चिम आशियात गव्हाचं झालं. कुणी कुणाला विचारायला गेलं नव्हतं, आणि ठरवून तर कुणीच केलं नव्हतं.

म्हणून रानटी बी वाढवताना आमचा पहिला नियम असा की निवड करायची नाही. लवकर पिकणारं, उशिरा पिकणारं, उंच, आडवं पसरणारं, सगळ्यांचं थोडं थोडं बी घ्यायचं. दाणे पिकण्याआधीच प्रत्येक लोंबीला जाळीची पिशवी बांधायची, म्हणजे सुटलेला दाणा पिशवीतच पडतो. पिशवी काढली की संपलं.

आता हे बी कुणाचं होतं ते सांगते. डार्विनपासून गाडीने काही तासांवर एक पाणथळ आहे. ती आँटी डोरीनच्या आईच्या मुलखातली. डोरीन तिथली रेंजर, साठीच्या पुढची, इथल्या मूळ रहिवाशांपैकी. तिला सगळे आँटी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तिच्या लहानपणी तिथे भात उभा असायचा आणि त्यावर मॅगपाय गीज, म्हणजे काळे-पांढरे रानहंस, थव्याने उतरायचे. पुढे मोकाट म्हशींनी ती जागा तुडवली आणि चाऱ्यासाठी बाहेरून आणलेल्या गवताने उरलीसुरली गिळली. भात गेला, हंस गेले. आता कुठे डोरीनच्या टीमने कुंपण घातलं होतं, गवत काढलं होतं. आणि त्याच पाणथळीतून फार पूर्वी गोळा केलेलं एक पाकीट आमच्या गार खोलीत निघालं.

"पाऊस लागायच्या आत बी माझ्या हातात पाहिजे," डोरीनने फोनवर बजावलं होतं. "या वर्षी गवत हरलंय. पुढच्या वर्षी ते परत येईल. आणि मी काही आता शाळेतली पोरगी नाही."

पाकीट जुनं होतं. उगवण कमी होणार हे माहीत असल्यामुळे आम्ही जवळजवळ सगळंच पेरलं. मागे उरले ते चिमूटभर दाणे. म्हणजे त्या पाणथळीचा भात जगात जो काही होता तो आमच्या एका ग्लासहाऊसमध्ये कुंड्यांत उभा होता.

आणि मग मेलबर्नला दुसरा मोठा लॉकडाऊन लागला. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, कामाला जायचं तर परमिट पाहिजे, ग्लासहाऊसच्या एका खोलीत एका वेळी एकच माणूस. मी राहते क्रेगीबर्नला, कॅम्पस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तरी परमिट काढून मी जात होते. मग हॉस्पिटलमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या नवऱ्याने तिथून कोविड घरी आणला आणि मी आडवी झाले.

सचिन आमच्या कॅम्पसचा नेटवर्क इंजिनीअर. मूळ निफाडचा, घरच्या द्राक्षबागा. इथे शिकायला आला, नोकरी लागली, पीआर मिळाली, कॅम्पसच्या जवळच घर घेतलं. सर्व्हर सांभाळायला त्याला रोज यावंच लागायचं. माझी बॉस हेदर हिने त्याला विचारलं, झाडांना पाणी घालशील का? त्याने मला लगेच फोन केला होता. "ताई, तू बिनधास्त झोप. आमच्या सात पिढ्या शेतात गेल्या. भाताला पाणी घालायला मला काय शिकायचंय?"

तेव्हा तापात मला हे वाक्य फार दिलासा देणारं वाटलं होतं.

"सचिन, पिशव्या का काढल्यास?" मी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं.

"आत दमट होत होतं गं. एक-दोन लोंब्यांवर बुरशी दिसली. द्राक्षाच्या घडाला हवा लागली नाही तर काय होतं ते मी लहानपणापासून बघतोय. तुला फोन केला होता, पण भावोजी म्हणाले झोपलीये. म्हटलं, आजारी माणसाला कशाला त्रास? आपणच मॅनेज करू."

"मग दाणे गळले असतील."

"गळणारच! गळणारे पोचट असतात ताई. चांगलं बी लोंबी सोडत नाही." त्याने पाकिटं कॅमेऱ्यासमोर धरली, प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात नंबर. "आमचे आजोबा बियाण्याचं कणीस खळ्यावर नाही निवडायचे, उभ्या शेतात निवडायचे. भरलेलं, घट्ट, सरळ उभं. अगदी तसंच केलंय. आणि ही खिडकीजवळची तीन झाडं बघ. नादच नाही! हलवली तरी दाणा सोडत नाहीत. यांचं बी मी वेगळं ठेवलंय."

"मागच्या रांगेतल्या कुंड्या कुठायत?"

"त्या उगवतच नव्हत्या. उगाच जागा अडवून बसलेल्या. काढून टाकल्या."

मी फोन घेऊन खुर्चीत बसले. गळणारे टाकले, धरून ठेवणारे ठेवले. उशिरा उगवणारे उपटले, सरळ वाढणारे निवडले. माणसाला जे करायला हजारो वर्षं लागली ते या गड्याने माझ्या एका आजारपणात उरकलं होतं. आणि करताना त्याच्या मनात काय होतं, तर ताईला बरं वाटावं.

माझी मुलगी मीरा ऑनलाइन शाळेतून मान वर करून बघत होती. "मॉम, आर यू अपसेट बिकॉज द फ्लोअर इज क्लीन?"

"हो," मी म्हटलं.

"ओके, दॅट्स अ फर्स्ट," ती म्हणाली आणि पुन्हा गणितात शिरली. तिच्या खोलीची जमीन कधी दिसतच नाही, हे इथे सांगायला हवं.

"सचिन," मी म्हटलं, "एक काम कर. तुझ्या पाकिटातला एक दाणा काढ, सोल आणि दाताखाली धर."

त्याने दाणा सोलला. मास्क खाली केला. चावला. त्याच्या चेहऱ्यावरची खुशी जागच्या जागी थांबली.

"मऊ लागतोय," तो हळूच म्हणाला. "दूध आहे आत. कच्चा आहे गं."

"पिकला असता तर गळला असता."

त्याने हातातल्या पाकिटांकडे बघितलं. मग तो म्हणाला, "म्हणजे मी कच्चे पाकिटात भरले आणि पिकलेले व्हॅक्यूममध्ये?"

"व्हॅक्यूम रिकामा कुठे केलास?"

"पिवळ्या पिशव्यांत. कुंड्यापण त्यातच. नियम आहे ना, ग्लासहाऊसचा कचरा ऑटोक्लेव्हमध्ये जातो."

ऑटोक्लेव्ह म्हणजे खोलीएवढा प्रेशर कुकर. ग्लासहाऊसमधून कीड किंवा परकं बी बाहेर जाऊ नये म्हणून सगळा कचरा त्यात उकडून मगच फेकतात. त्यातून कुठलंच बी जिवंत निघत नाही, ते त्याचं कामच आहे.

"ऑटोक्लेव्ह चालवला?" मी विचारलं.

"नाही ना! तो चालवणारा कॉन्ट्रॅक्टर लॉकडाऊनमुळे आलाच नाही. सगळ्या पिशव्या तिथेच थप्पी लागून पडल्यात."

त्या दिवसापर्यंत मी लॉकडाऊनला बऱ्याच शिव्या दिल्या होत्या. सगळ्या परत घेतल्या.

"पण ताई," सचिन म्हणाला, "हेदरचा ईमेल आलाय. त्याला परमिट मिळालंय. तो उद्या सकाळी येतोय."

मी हेदरला फोन लावला. हेदर मॅलीतली, म्हणजे व्हिक्टोरियाच्या कोरड्या भागातली, गहू पिकवणाऱ्या घरातली. बोलणं सरळ, उत्तरं आखूड.

"कचरा थांबवायचा? का?" ती म्हणाली. "सचिनने बी धरलंय ना? पाकिटं मी बघितली. फार सुंदर काम केलंय त्याने. तीच डार्विनला पाठव."

"ती कच्ची आहेत हेदर. आणि जी थोडी पिकलेली आहेत ती उशिरा गळणाऱ्या झाडांची आहेत. पिकलेलं बी सगळं कचऱ्यात आहे."

"मेट, दाणा टाकणारा गहू दिसला असता तर माझ्या बापाने ते शेत पेटवून दिलं असतं."

"तुझ्या बापाने बरोबरच केलं असतं. पण हा गहू नाही आणि ते शेत नाही. डोरीनच्या पाणथळीत कोण कापणी करणार आहे? दाणा चिखलात पडला नाही, तर पुढच्या वर्षी तिथे उगवणार काय?"

मी पुढे रेटलं. "एका पिढीत आकाश कोसळत नाही, मान्य. पण त्या कुंड्यांत होतं ते सगळंच्या सगळं त्या जागेचं होतं. आपण त्यातला आपल्याला आवडला तेवढा भाग परत दिला, तर ते परत दिलं असं म्हणता येणार नाही."

"उघडलेल्या पिशव्यांतून गोगलगाय किंवा तण बाहेर गेलं तर माझी मान जाईल, ठाऊक आहे ना?"

"त्याच खोलीत उघडेन. दारं बंद ठेवून."

मागे तिच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू येत होतं. "बाकीचा कचरा कॉन्ट्रॅक्टर सकाळी उकडेल," ती शेवटी म्हणाली. "तुझ्या पिशव्या सगळ्यात शेवटी. उद्या अर्वोत, म्हणजे दुपारी, तो निघायच्या आत जे सापडेल ते तुझं, उरलेलं त्याचं. त्याला पुन्हा कधी परमिट मिळेल मला माहीत नाही, आणि तो कचरा मी ठेवू शकत नाही. तू पूर्ण बरी आहेस ना?"

"आयसोलेशन संपलं, क्लिअरन्स मिळालाय."

"नो वरीज, वृंदा. परमिट पाठवते."

राहिली डोरीन. हा फोन टाळावासा वाटत होता, पण बी तिचं होतं. मी सगळं सांगितलं. पलीकडून खदखदा हसणं ऐकू आलं.

"तुम्ही लोकांनी माझा भात झाडून काढला?"

"हो, आँटी."

"माझ्या नातवाला मी कधीपासून सांगतेय केर काढ म्हणून. तुमचा तो माणूस पाठव इकडे." मग तिचं हसणं ओसरलं. "ऐक. मला तुमचे नीटनेटके दाणे नकोत. जो पडला तो पाठव. थोडा असला तरी चालेल. पण तोच."

धूळ आणि दाणे वेगळे करायचं यंत्र आमच्याकडे आहे, पण ते स्वच्छ लॅबमध्ये, आणि व्हॅक्यूमची घाण त्या लॅबमध्ये न्यायला सक्त मनाई. चाळणीचं मला धैर्य होईना, कारण रानभाताच्या दाण्याला बोटभर लांब खरखरीत कुसळ असतं, ते जाळीत अडकतं. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, आणि फ्रीजच्या वर माझं सूप दिसलं. डाळ-तांदूळ निवडायला म्हणून आईने कधीकाळी बॅगेत कोंबून दिलेलं. ते घेतलं.

सकाळी ह्यूम हायवे रिकामा होता. वाटेत पोलिसांनी अडवलं. तरुण हवालदाराने परमिट वाचलं, मग शेजारच्या सीटकडे बघितलं. सुपाला मी सीटबेल्ट लावला होता.

"आणि हे काय आहे?"

"सीड क्लीनिंग इक्विपमेंट," मी म्हटलं.

त्याने सुपाकडे पुन्हा एकदा आदराने बघितलं आणि मला जाऊ दिलं.

सचिन आधीच आलेला होता. एका खोलीत एकच माणूस हा नियम, म्हणून मी रानभाताच्या खोलीत आणि तो शेजारच्या हरभऱ्याच्या खोलीत, मध्ये काच, काचेला ट्रे सरकवायची छोटी झडप. पिवळ्या पिशव्या त्याने आदल्या संध्याकाळीच माझ्या खोलीत आणून रचल्या होत्या. डोळे सुजलेले दिसत होते. स्पीकरवर फोन ठेवून आम्ही बोलत होतो.

"ताई, मला रात्रभर झोप नाही. त्या बाईचा भात मी..."

"तू चिमटा घेऊन बस. झोपेचं नंतर बघू."

पहिली पिशवी व्हॅक्यूमच्या धुळीची. माती, मातीत मिसळायचे पांढरे, हलके परलाइटचे खडे, कोळ्याची जाळी, आणि मधोमध राखाडी लोकरीसारखे गोळे. मी एक गोळा फोडला. आत काळपट तपकिरी दाणे, कुसळांनी एकमेकांत गच्च अडकलेले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. चिखलात घुसून बसण्यासाठी झाडाने दिलेली ती कुसळं. व्हॅक्यूममध्ये त्यांनीच दाण्यांना एकत्र धरून ठेवलं होतं.

"एक चाव," मी झडपेतून दाणा सरकवला.

त्याने चावला. कट्‌ असा आवाज मला स्पीकरवर ऐकू आला. "टणक आहे!" तो ओरडला. "ताई, पिकलेला आहे!"

मग मी पाखडायला सुरुवात केली. पंख्याकडे पाठ, सूप छातीशी, मास्क नाकापर्यंत, डोळ्यांवर गॉगल. परलाइट उडून जात होतं, धूळ पुढे पडत होती, दाणे मागे राहत होते. सचिन काचेला नाक लावून बघत होता.

"मला पण दे ना एक सूप."

"येतं तुला?"

"नाही," तो म्हणाला. "घरी आई आणि काकू करायच्या."

"वा रे वा! सात पिढ्या शेतात, आणि सूप बायकांच्या हातात. तू निवड गपचूप."

तो गपचूप निवडू लागला. मी पाखडलेला ट्रे झडपेतून द्यायची, तो चिमट्याने दाणे वेचायचा. मधूनच हरभरे निघायचे, कारण व्हॅक्यूम दोन्ही खोल्यांना एकच. कोंबडीला लाज वाटेल इतक्या मन लावून तो वेचत होता. बाहेर ऑटोक्लेव्हची शिटी वाजली की आम्ही दोघं दचकायचो. थप्पीतली एकेक पिशवी कमी होत होती आणि आमची वेळही.

जेवणाच्या सुमाराला त्याने विचारलं, "पण ताई, त्या न उगवणाऱ्या कुंड्या? त्यांत काय दम होता? त्या तरी मी बरोबर काढल्या ना?"

"डार्विनला कधी कधी पहिली सर लवकर येते," मी पाखडता पाखडता म्हटलं. "जमीन भिजते, घाईचे दाणे उगवतात. मग पाऊस दडी मारतो आणि ते कोंब करपून जातात. अशा वर्षी वंश कोण टिकवतं? जे दाणे तेव्हा झोपून राहिले, ते."

"म्हणजे आळशी असणं फायद्याचं."

"रानात, हो. आपल्याला शेतात सगळं एकदम उगवलेलं हवं असतं, म्हणून आपण आळशांना काढत आलो. तुझे आजोबा चूक नव्हते रे. त्यांनी आणि त्यांच्या आधीच्या सगळ्यांनी तसं निवडलं म्हणून आज आपण दोघं जेवतोय. फक्त हे त्यांचं शेत नाही."

त्याचा चिमटा जरा हळू चालायला लागला.

कुंड्यांच्या पिशव्या मी शेवटी ठेवल्या होत्या, कारण त्यांची आशा मी सोडली होती. कितीतरी दिवस बंद पिशवीत पडलेली माती. पहिलीची गाठ सोडली आणि आत हात घालायच्या ऐवजी मी तशीच उभी राहिले.

"काय झालं?" सचिन काचेपलीकडून म्हणाला. "ताई? कोविड परत आला का?"

मी पिशवी उचलून काचेला लावली. आत, उलट्या पडलेल्या कुंडीतल्या मातीतून, फिकट पिवळट हिरवी पाती वर वळून निघाली होती. एक नाही, बरीच. पिवळ्या प्लॅस्टिकमधून जेवढा उजेड येत होता तेवढ्यावर, कचऱ्यात, निवांतपणे, त्यांच्या सवडीने ती उगवली होती.

सचिनने काचेवर दोन्ही तळवे टेकवले. "च्यायला," तो म्हणाला. माझे डोळे भरून आले. गॉगलच्या आत पाणी आलं की पुसता येत नाही, हे त्या दिवशी समजलं.

कॉन्ट्रॅक्टर दारावर टकटक करायला आला तेव्हा आमच्या शेवटच्या पिशवीत फक्त धूळ होती. ती त्याला दिली. दाणे ट्रेमध्ये होते, कोंब नव्या कुंड्यांत.

पुढचं काम नेहमीचं. दाणे वाळवले, काही उगवून बघितले, परवाने काढले. कोंब वाढले, उशिरा का होईना लोंब्यांवर आले, आणि त्यांचं बी पिशव्यांतच गळलं. या वेळी पिशव्या होत्या विरळ जाळीच्या. सचिनच्या बायकोने, स्नेहलने, पडद्याच्या कापडाच्या शिवून दिल्या. बुरशीचं सचिनचं निरीक्षण मात्र अगदी बरोबर होतं, आमच्या जुन्या पिशव्या खरंच दाट होत्या. हे मी हेदरला लेखी कळवलं, कारण त्याच्यावर तेवढा अन्याय नको.

व्हॅक्यूममधल्या दाण्यांचा मोठा हिस्सा पाऊस लागायच्या आत डार्विनला पोचला. उरलेला आणि कोंबांचं बी आमच्या गार खोलीत गेलं. आता त्या पाणथळीचं पाकीट पहिल्यापेक्षा जाड आहे.

सचिनची ती तीन आवडती झाडं मी टाकली नाहीत. त्यांच्या वेगळ्या पाकिटातले जे थोडे दाणे पिकलेले निघाले, ते पुढच्या हंगामात पेरले. तो जवळजवळ रोज बघायला यायचा. त्याने त्यांना परस्पर 'निफाड स्पेशल' असं नावही देऊन टाकलं होतं. लोंब्या पिकल्या, आणि एका सकाळी सगळे दाणे पिशव्यांच्या तळाशी. ती झाडं दाणा धरून ठेवणारी नव्हतीच, फक्त उशिरा पिकणारी होती. सचिनने एक पिशवी बोटाने हलवून बघितली. "चला, शेती रद्द," तो म्हणाला आणि सर्व्हर रूमकडे गेला.

पावसाळा सरताना डोरीनचा व्हिडिओ कॉल आला. मी सचिनलाही जोडून घेतला. पाण्यात गुडघाभर उभी राहून ती फोन फिरवत होती. मागे भात उभा होता. दाट नव्हता, ठिकठिकाणी, पण उभा होता. आणि एवढा गलका चालला होता की तिचं बोलणं ऐकू येईना.

"आवाज कसला आहे?" सचिनने विचारलं.

"गीज!" ती ओरडली. "आले परत!"

"आँटी, मग हार्वेस्ट कधी?"

"हार्वेस्ट?" डोरीन फोन जवळ घेऊन म्हणाली. "ए केरवाल्या, तू तिथेच थांब. इकडे अजिबात यायचं नाही."

तो इतका हसला की त्याचा फोन हातातून पडला.

आमच्या ग्लासहाऊसच्या दारावर हेदरने आता एक पाटी लावली आहे. 'जमीन स्वच्छ दिसल्यास ताबडतोब वृंदाला कळवा.' नवीन माणसं ती वाचून हसतात, मग मी त्यांना ही गोष्ट सांगते. शेती कशी सुरू झाली यावर मोठमोठे वाद आहेत. मी त्या वादांत पडत नाही. मला एवढं नक्की ठाऊक आहे की हजारो वर्षांपूर्वीही कुठेतरी एक बाई तापाने पडली होती, आणि तिला त्रास नको म्हणून कुणीतरी चांगल्या मनाने परस्पर मॅनेज करून टाकलं.